वाक्याच्या शेवटी

पाचव्या वाक्याभोवती दीक्षा मॅडमनी लाल पेनानं गोल काढला होता. चुकलेल्या उत्तरावर त्या फुली मारत नसत. दिवसभर कारखान्यात उभं राहून आलेल्या मोठ्या माणसाच्या कागदावर फुली बरी दिसत नाही, असं त्यांचं मत. अभिमन्यूची पहिली चार उत्तरं बरोबर होती. चारही ठिकाणी 'हॅज गॉन' आलं होतं, आणि सगळीकडं एकच उत्तर कसं असेल, कुठंतरी बदल असणारच, अशा अंदाजानं पाचव्याला त्यानं 'हॅज बीन'वर टिक केली होती. वाक्य नीट वाचलंच नव्हतं. ते आता वाचलं. माय वाइफ, पुढं गाळलेली जागा, टु हर मदर्स हाउस, अँड शी इज स्टिल देअर.

"काका, इथं गॉन," मॅडम म्हणाल्या. "आपण दोन्हीला 'गेली'च म्हणतो म्हणून गडबड होते. गॉन म्हणजे गेली, अजून तिकडंच आहे. बीन म्हणजे जाऊन आली. आता घरात आहे, चहा ठेवते आहे. आलं लक्षात?"

"व्हय."

"मग सांगा, काकू कुठं आहेत?"

हे त्या सगळ्यांनाच विचारत. कुणाचा मुलगा कुठं आहे, कुणाची गाडी कुठं आहे, आणि त्याचं वाक्य करायला लावत. अभिमन्यूच्या तोंडून काही निघायच्या आत शेजारच्या खुर्चीवरून मल्लेश म्हणाला, "दुधनीला हायत, मॅडम. माहेरला."

"मग? गॉन की बीन?"

"गॉन," अभिमन्यू म्हणाला.

"पूर्ण वाक्य."

"माय वाइफ हॅज गॉन टु दुधनी."

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या आणि वर्ग सहाव्या वाक्याकडं वळला. सहाव्या वाक्यात कुणीतरी छत्री हरवली होती.

जुळे सोलापुरात एका फ्लॅटच्या हॉलमध्ये हा क्लास भरायचा. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला पांढरा फळा, आतल्या खोलीत मॅडमच्या आईची शिवणाची मशीन. टॉवेलच्या कारखान्याचे मालक सिद्धलिंगप्पा यांनी अभिमन्यूला आणि मल्लेशला तिथं घातलं होतं. परदेशातली गिऱ्हाइकं आता थेट फोनवर माल बघायला मागतात आणि चेकिंग खात्यातल्या माणसानं दोन शब्द बोलायला हवेत, म्हणून. मल्लेशला त्यात मजा वाटे. पहिल्याच दिवशी मॅडमनी त्याला विचारलं होतं, "काय करालाव?" आणि तो म्हणाला होता, "बसालालो की." मॅडमनी टाळीच वाजवली. हे तुमचं बसालालो, जेवालालो म्हणजे इंग्रजीतलं आयएनजी, त्या म्हणाल्या. पुण्याच्या माणसाला ते शिकवावं लागतं, सोलापूरकर जन्माला येतानाच घेऊन येतो. सगळे हसले. अभिमन्यूही हसला, जरा मागून. इतरांचे चेहरे हसायला लागल्यावर आपणही हसायचं, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की कोणतं हसू ऐकून आलं आणि कोणतं बघून, हे त्यालाही कळत नसे. तो नेहमी पहिल्या ओळीत बसायचा. हुशार पोरगा म्हणून नव्हे. मॅडमचे ओठ तिथून दिसत.

घरी जाताना गाडीवर त्याच्या डोक्यात गॉन आणि बीन फिरत राहिले. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठत आली होती, पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उतरवून ट्रकमध्ये चढवत होते, आणि सिग्नलला थांबल्यावर त्याला वाटलं की ह्या जत्रेलाही वैजयंती नव्हती. ती गेली तेव्हा पोळा नुकताच झाला होता. तिची आई सोजरबाई अंगणात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, त्यात सळई घातली. वैजयंती एकुलती एक. जायला हवंच होतं. त्यात काही वावगं नव्हतं. दारात रिक्षा उभी होती, रिक्षावाला किक मारत होता आणि ती लागत नव्हती. वैजयंतीनं पिशवी आत ठेवली, वाकून चपलेचा पट्टा सारखा केला, आणि त्याच्याकडं पाठ असतानाच म्हणाली, "जाते." त्यापुढं काहीतरी होतं किंवा नव्हतं, कारण नेमकी तेव्हाच किक लागली. फटफटाटात तिच्या खांद्याची हालचाल त्याला दिसली, जशी माणूस बोलताना होते किंवा पिशवी सरकवताना होते. मग तिनं वळून बघितलं. तिचा चेहरा उत्तराची वाट बघत असलेल्या माणसासारखा होता. तो म्हणाला, "बरं."

एवढंच झालं होतं. भांडण नाही, रडारड नाही. शेजारणीनं बघितलं असतं तर सांगण्यासारखं तिला काही सापडलं नसतं. पण उंबऱ्यावरून निघताना बाईमाणूस 'जाते' म्हणत नाही. येते म्हणतं. शेजारी विरजण मागायला निघालेली पोरगीसुद्धा येते म्हणते, आणि जाते म्हणाली तर कुणीतरी म्हातारी तिला मागं बोलावून पुन्हा म्हणायला लावते. वैजयंतीचं तर त्याहून निराळं होतं. तिचं घर मराठी, पण दुधनीत गल्लीभर कानडी, आणि कानडीत निरोप घेताना माणूस होगी बर्तीनी म्हणतो. जाऊन येते. लग्न होऊन आली तेव्हा ती तेच मराठीत म्हणायची. दळणाला निघाली तरी जाऊन येते, नळावर निघाली तरी जाऊन येते. अभिमन्यूची थोरली बहीण तिला चिडवायची, "अगं, येणार हाईस हे म्हाईत हाय की, गिरणीत काय संसार मांडणारंस?" पण तिनं सोडलं नाही. जाणं आणि येणं एका दमात, एका गाठीत बांधून ती घराबाहेर पडायची. त्या बाईनं त्या दिवशी गाठ सोडून नुसतं अर्धं हातात ठेवलं होतं. जाते. आणि तो बरं म्हणाला होता. तेव्हापासून ते अर्धं त्याच्याजवळ होतं. कपाट उघडताना, कुकरची शिटी मोजताना, कारखान्यात टॉवेलची घडी उलटून दोष बघताना ते मधूनच वर येई. त्यात राग नव्हता. गेली, आणि सांगून गेली, असं वाटे. काय सांगून गेली हे मात्र आपण विचारायचं नाही, कारण विचारलं तर ते पुन्हा एकदा, नीट, सगळं ऐकू येईल.

ऐकू येण्याची गोष्ट अशी होती की ती कधी घडली नव्हती, होत गेली होती. ऐन तारुण्याची सगळी वर्षं तो मागांवर होता. पत्र्याच्या शेडमध्ये माग खडखडतात, धोटा इकडून तिकडं आपटतो, आणि तिथं बोलणं म्हणजे ओठ आणि हात. पाणी हवं तर अंगठा, मालक आला तर मिशीला बोट. शेडमधली माणसं बाहेर आल्यावरही थोडा वेळ ओरडून बोलतात आणि मग हसतात. अभिमन्यू हळूहळू हसेनासा झाला. ठार बहिरा तो झाला नव्हता. गाडीचा हॉर्न, पातेलं पडलेलं, कुत्री, सगळं ऐकू येई. माणसाच्या बोलण्याचं शेपूट तेवढं निसटायचं. आवाज वाक्याच्या शेवटी खाली बसतो, आणि खाली बसलेला आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसे. आणि मराठीत सगळं शेवटीच असतं, हे त्याला इंग्रजीच्या क्लासला गेल्यावर कळलं. मराठी माणूस आधी सगळा पसारा मांडतो, बाजारातून येताना तुमच्या गोळ्या मी, आणि मग खाली बसलेल्या आवाजात सांगतो की आणल्या, आणणार, आणू का, की आणणार नाही. काळ शेवटी, होकार शेवटी, नकार शेवटी. इतकी वर्षं अभिमन्यू लोकांच्या बोलण्याचा पसारा ऐकत होता आणि क्रियापद चेहऱ्यावरून भरत होता. गाळलेल्या जागा भरण्यात त्याच्याइतका सराव त्या वर्गात कुणालाच नव्हता. इंग्रजी त्याला म्हणूनच आवडायला लागली होती. आय विल नॉट. माणसानं तोंड उघडलं न उघडलं तोच नकार तुमच्या हातात. मग पुढं काय नाही करणार ते सावकाश सांगू दे.

आणि जिथं चेहऱ्यावरून भरता येत नसे तिथं तो बरं म्हणायचा. बरं सगळ्या काळांत चालतं. झालेल्याला बरं, होणाऱ्याला बरं, हुकमाला बरं, गाऱ्हाण्याला बरं. बायका ह्या शब्दावर वर्षं काढतात. वैजयंती त्याला हाक मारायची ती इतर बायकांसारखीच, अहो, ऐकलं का? अजून काही बोललेलीही नसायची आणि विचारायची ऐकलं का. दीक्षा मॅडमना दाखवलं असतं तर त्यांनी ह्या वाक्याभोवती गोल काढला असता. न घडलेल्या गोष्टीला भूतकाळ कसा? पण ह्या घरात तो काळ बरोबर होता. त्याच्या लेखी तिचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेलं असायचं. एकदा तो पाठमोरा असताना ती म्हणाली, ऐकलं का, आणि तो म्हणाला, बरं. ती पोट धरून हसली होती. "'ऐकलं का'लाच बरं म्हणालालाव व्हय! पुढचं तर बोलू द्या." तोही हसला होता. ती हसते आहे हे बघून.

ती गेल्यावर दोघांचं बोलणं मोबाइलच्या पडद्यावर आलं होतं. फोन तो टाळायचा. फोनला ओठ नसतात. व्हिडिओ दुधनीच्या घरात अडकत अडकत येई, तिचं तोंड उघडं राहून थिजे. म्हणून मेसेज. गॅस संपला. नंबर लावा. लावला. आला का. आला. आईचा पाय? बरा. हे मेसेज वाचताना त्याला बरं वाटे, क्रियापदं डोळ्यांना दिसत होती, सगळी, शेवटपर्यंत. पण त्यात ज्या क्रियापदाची तो वाट बघत होता ते नसायचं, आणि आपण ते का लिहीत नाही हे तो स्वतःला विचारत नसे. माहेरी गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानं जायचं असतं. हे काही कुणी शिकवावं लागत नाही. पण जी नुसतं जाते म्हणून गेली तिला आणायला जायचं, म्हणजे तिच्या दारात उभं राहून ती येणार आहे की नाही हे सगळ्या गल्लीसमोर ऐकायचं. आणि तेही शेवटच्या शब्दात.

रोज सकाळी तो त्याच रस्त्यानं जात होता. कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत; अक्कलकोटची, दुधनीची एसटी त्याला ओलांडून पुढं जायची, मागच्या काचेवर धूळ, शिडीला बांधलेलं गाठोडं, आणि तो डावीकडं वळायचा. वळताना दर वेळी एसटीच्या पाटीवरचं नाव वाचायचा आणि वळायचा.

क्लासहून घरी आल्यावर चहा ठेवेपर्यंत प्रतिक्षाचा व्हिडिओ कॉल आला. लेक लातूरला नर्सिंग शिकत होती, होस्टेलच्या जिन्यावर बसून बोलायची. तिचं बोलणं त्याला कळे. ती तोंड कॅमेऱ्यात घालून, मोठ्यानं आणि सावकाश बोलायची. हे ती मुद्दाम करते का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"पप्पा, आईनं काम धरलं. तुमाला काय बोलली का?"

"कसलं काम?"

"दुधनीच्या शाळंत. पोरांची खिचडी शिजवायचं. एक तारखेपास्नं या म्हणलेत तिला. आजी आता काठी घेऊन चालती, म्हणून मोकळी हाय म्हणाली."

"बरं."

"बरं काय! एकदा धरलं की शाळेचं वरीस संपंस्तोर तिथंच. पप्पा, तुमी दोघांनी मला टपालखातं करून ठेवलंय. तिला इचारलं कधी येणारंस, तर म्हणती, त्यांना म्हाईत हाय. तुमाला इचारलं तर तुमी म्हणता, तिला इचार. कुणाला म्हाईत हाय नेमकं?"

"तिला."

"हां. लावा तिकीट, टाका पेटीत," प्रतिक्षा म्हणाली. मग म्हणाली, "चहा उतू जालालाय तुमचा."

चहा खरंच उतू जात होता. जे त्याला ऐकू यायला हवं होतं, ते तिला तिकडं लातुरात ऐकू आलं होतं. शेगडी पुसताना तो 'त्यांना म्हाईत हाय' ह्या वाक्यापाशी थांबला. त्यांना. म्हणजे त्याला. त्याला काय माहीत होतं? एक शब्द माहीत होता. त्याला एकाएकी सोजरबाई आठवल्या, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतल्या, धडधाकट. वैजयंतीला आणायला तो गेला होता, आणि सोजरबाई लाडू वळता वळता, त्याला ऐकू जावं अशा बेतानं, ओवी म्हणत होत्या. तेव्हा त्याचे कान चांगले होते.

लेक म्हायाराला आली, नगा इचारू गं कधी
तिचं जानं ठरल्यालं तिच्या येन्याच्याबी आधी

ओवीत जाणं म्हणजे सासरी जाणं. ह्या घरून म्हटलं तर येणं. बाई कुठं उभी आहे त्यावर जाणं आणि येणं एकमेकांच्या जागा घेतात. त्या वेळी त्याला ह्यात काही विशेष वाटलं नव्हतं. त्यानं लाडू खाल्ला होता आणि वैजयंतीची पिशवी उचलली होती.

पुढच्या क्लासला तो लवकर गेला. मॅडम फळा पुसत होत्या. अजून कुणी आलं नव्हतं, आत मशीन चालू होती.

"मॅडम, एक इचारू का? मराठीतलं 'जाते' हाय बघा. त्याचं इंग्लिश काय? आय गो, का आय ॲम गोइंग, का आणि काय?"

"वाक्य काय आहे?"

"वाक्य तेवढंच. जाते."

"तेवढंच कसं असेल, काका?" मॅडमनी डस्टर खाली ठेवलं. "रोज जाते असेल तर आय गो. आत्ता निघाली असेल तर आय ॲम गोइंग. मी जाते, तू बस, असं असेल तर आय विल गो. आपल्याकडं एकाच शब्दात तीन बसतात. मागं-पुढं काय आहे ते बघितल्याशिवाय नाही सांगता येत. कोण म्हणालं, पुढं काय म्हणालं?"

"पुढचं ऐकू आलं नव्हतं."

"मग त्यांनाच विचारा की," मॅडम सहज म्हणाल्या. "अर्ध्या वाक्याचा काळ नाही ठरवायचा. परीक्षेतसुद्धा मी सांगते, आधी वाक्य शेवटपर्यंत वाचा, मग टिक करा."

मल्लेश आला आणि फळ्यावर तारीख पडली. त्या दिवशी अभिमन्यू काय शिकला हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. त्याला मॅडमचे ओठ दिसत होते, मल्लेशची कोपरखळी कळत होती, "काय बे अभ्या, आज डोळ्यात जीव न्हाय तुझ्या," आणि आत कुठंतरी एक साधी गोष्ट सावकाश उलटी होत होती, जशी चेकिंगच्या टेबलावर टॉवेलची घडी उलटते आणि ज्या बाजूनं माल पास केला तिची दुसरी बाजू वर येते. इतके महिने त्यानं एका शब्दाचा काळ ठरवून ठेवला होता. वाक्य न वाचता. चार ठिकाणी गॉन आलं म्हणून पाचव्याला बीन, तसंच. शब्द ऐकला, पुढचा आवाज गेला, आणि जे गेलं ते नव्हतंच असं धरून चालला. नव्हतंच हे मानायला सोपं जात होतं, कारण होतं असं मानलं तर विचारावं लागणार. आणि विचारायचं म्हणजे मला ऐकू आलं नाही असं म्हणायचं. हे वाक्य त्यानं आयुष्यात कुणाजवळ म्हटलं नव्हतं. शेडमध्ये ऐकू न येणाऱ्या माणसाला ठारा म्हणत, आणि तो आला की मुद्दाम नुसते ओठ हलवून काहीबाही बोलत आणि तो हो म्हणाला की हसत. अभिमन्यूही त्यात हसला होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं भांडी घासली, पाणी भरलं, अंघोळ केली, आणि करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा वैजयंतीचा नंबर लावला. स्पीकर सुरू करून फोन त्यानं ओट्यावरच्या रिकाम्या पातेल्यात ठेवला. ही युक्ती त्याची त्यानं शोधली होती. पातेल्यात आवाज घुमतो आणि मोठा होतो, गिऱ्हाइकाचा फोन घरी आला तर तो असाच घ्यायचा. पातेल्यावर वाकून तो उभा राहिला.

"बोला," वैजयंती म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती. तो फोन करत नसे.

"सगळं बरं हाय. तसं काय न्हाय."

"मग?"

"तू निघालीस त्या दिवशी, रिक्षापाशी. काय म्हणाली होतीस?"

"आत्ता इचारालाव?" ती म्हणाली. मग निराळ्या आवाजात, "आवाज का असा येतोय तुमचा? कुटं बसलाय, इहिरीत का?"

"फोन पातेल्यात ठेवलाय."

"काय?"

"पातेल्यात, पातेल्यात. त्यात मोठं ऐकू येतं." पातेल्याच्या बुडाशी फोनचा उजेड होता आणि त्यावर तिचं नाव. "वैजू, मला ऐकू येत न्हाय. म्हंजे येतं, पण शेवटचं जातंय. लई वर्षं झाली."

"ते मला ठाव हाय."

"कवापास्नं?"

"प्रतिक्षा पाळण्यात होती तवापास्नं. ती बारीक कुरकुरालालीय आन तुमी बाजूला बसून पेपर वाचालालाव. मी चुलीपास्नं बघत होते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हणून," वैजयंती म्हणाली.

त्याला बसावंसं वाटलं, पण बसलं की पातेलं दूर गेलं असतं. त्यानं ओट्याला पोट टेकवलं. आपण जे लपवलं होतं ते तिनंही लपवून ठेवलं होतं, त्याच्यासाठी. म्हणजे इतकी वर्षं ती ऐकलं का म्हणत होती तेव्हा ती हाक नव्हती. ती खरंच विचारत होती.

"काय म्हणाली होतीस, सांग की."

"म्हणलं, जाते. आईचा पाय जिमिनीला टेकला की न्यायला या. मी फोन करून आठवण देणार न्हाय, तुमचं तुमी या. एवढं सगळं म्हणलं. आन तुमी म्हणला, बरं."

"मला 'जाते' तेवढंच ऐकू आलं."

"आन त्यालाच बरं म्हणला?" तिचा आवाज चढला आणि पातेलं दणाणलं. "बायको जाते म्हणाली, आन बरं? काय मानूस! नुसतं जाते कुणी म्हणतं का? पुढचं तुमच्यापाशी ठेवून गेले होते की मी. हितं आई रोज इचारती, पाय टेकला त्या दिवसापास्नं इचारती. जावाय बरं म्हणले हुते न्हवं? व्हय म्हणते मी. बरं म्हणलेत, येतील. एसटी यायच्या वक्ताला दारात खुर्ची टाकून बसती ती. मला बी वाटलं, ऐकू गेलं नसंल. मग वाटलं, न्हाय, गेलं असंल, उगंच कशाला… मग म्हणलं, ऱ्हाऊ दे, शाळंचं तरी काम धरावं."

तो ऐकत होता. प्रत्येक वाक्याचं शेपूट धरून ऐकत होता. दारात खुर्ची टाकून बसलेल्या सोजरबाई त्याला दिसल्या, आणि त्यांच्यासमोर थांबून पुढं गेलेल्या एसट्या, ज्यांच्या पाट्या तो रोज वळताना वाचत होता. त्याचं बरं तिकडं इतके महिने वचन म्हणून घरात वागत होतं. त्यालाच त्याची खबर नव्हती.

वैजयंती नाक ओढून पुन्हा बोलायला लागली होती. आता आवाज खाली गेला होता. "त्या शाळंच्या बाईंना मी अजून पक्कं काय… एक तारखेला वेळ हाय. तुमी म्हणत असला तर मी आपलं…"

पुढचं गेलं.

गेलं ते त्याला कळलं. एक शब्द होता, किंवा दोन. पातेल्याच्या बुडाशी तो कुठंतरी विरला होता. त्याचे ओठ सवयीनं मिटले. ब साठी ओठ मिटावे लागतात. मिटलेल्या ओठांनी तो क्षणभर तसाच उभा राहिला, आणि बाहेर नळावर कुणीतरी बादली आपटली ती त्याला स्पष्ट ऐकू आली.

"शेवटचं ऐकू आलं न्हाय," तो म्हणाला. "परत सांग."

मग पातेल्यातून, मागांच्या शेडमध्ये एका मागावरून दुसऱ्या मागाला हाक घालावी तशा आवाजात, एक एक शब्द सुटा करून, आणि क्रियापद सगळ्यात पुढं घेऊन ती म्हणाली,

"येते! येते म्हणलं मी, तुमच्यासंगं. न्हाय म्हणून सांगते त्या बाईंना. आलं का ऐकू?"

"आलं."

"कवा येताय मग?"

तो बनियनवर होता. गाडीची किल्ली खिळ्याला, चपला दाराबाहेर, आणि दुधनी एमआयडीसीच्या वळणाच्याही पुढं, अक्कलकोटच्याही पुढं. इंग्रजीत ह्या जागी काय भरायचं ते त्याला आता येत होतं. आय ॲम कमिंग, किंवा आय विल कम. दोन्ही चाललं असतं.

"आलो," तो म्हणाला.

"बरं," वैजयंती म्हणाली, आणि हसली, आणि मग तिचा आवाज नेहमीसारखा खाली बसला, "आमी जेवायचं थांबतो."

ते त्याला शेवटपर्यंत ऐकू आलं.